राहुटीतले पाणी

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका नगरात एक शास्त्रीबुवा राहत असत. न्याय, व्याकरण, ज्योतिष, त्यांनी काही म्हणून सोडले नव्हते. पण विद्या जितकी वाढली तितकी काळजीही वाढली होती. घराबाहेर पडताना कडी लावली तरी ती लागली की नाही हे पाहायला ते दोनदा मागे येत.

त्यांचा मुलगा दूरच्या गावी असे. वर्षातून एकदा, कार्तिकात, तो बायकोमुलांना घेऊन येई. नात नऊ वर्षांची, नातू पाच वर्षांचा. शास्त्रीबुवांचा दोघांवर फार जीव. पण मुले समोर आली की काय बोलावे ते त्यांना सुचत नसे, आणि मग ते पाढे विचारत. हळूहळू मुले मागच्या दाराने ये-जा करू लागली होती.

कार्तिकात रानात जाऊन आवळीच्या झाडाखाली जेवायचे, अशी त्या घरची रीत होती. त्या वर्षी शास्त्रीबुवांनी ठरवले की नुसते जेवून परतायचे नाही. राहुटी ठोकून चांगले तीन दिवस राहायचे. मुलांना कोणते पक्षी दाखवायचे, कोणती झाडे, कोणती नक्षत्रे, याची यादीही त्यांनी केली.

राहुटी उभी राहिली तसा मुलगा कुदळ घेऊन तिच्याभोवती चर खणू लागला. पाऊस आला तर पाणी चरातून बाहेरच्या बाहेर निघून जाते. शास्त्रीबुवांनी त्याला थांबवले. कार्तिकात पाऊस नसतो, ग्रहमानही तसेच सांगते, आणि उगाच आवळीची मुळे दुखावतील, असे त्यांनी त्याला पटवून दिले. म्हणजे त्याने कुदळ खाली ठेवली, एवढे खरे.

दुसरा दिवस उजाडला तोच पावसात.

ज्या बैलगाडीने सगळे आले होते तिचे बैल कुडकुडत होते. गाडी तिथेच ठेवून मुलगा बैलांना जवळच्या गावातल्या गोठ्यात न्यायला निघाला. जाताना बायकोला हळूच म्हणाला, की संध्याकाळी येतो. मुले कंटाळली असतील तर सामान भरू, आणि पुढच्या कार्तिकात सरळ त्यांच्या आजोळीच जाऊ. हळू बोललेलेच शास्त्रीबुवांना नेमके ऐकू येत असे.

आज काहीही करून मुलांना रमवायचे, असे ठरवून ते मुलांपुढे येऊन बसले, आणि घाबरून पावकी-निमकीचे पाढेच विचारू लागले. नात उत्तरे देत होती आणि दाराच्या फटीतून पाऊस पाहत होती. नातवाने मान वर केली आणि राहुटीच्या कापडाला बोट लावले. ओल्या कापडाला आतून बोट लागले की तिथून पाणी ठिबकते, हे शास्त्रीबुवांनी सकाळपासून चारदा बजावले होते. थेंब ठिबकलाच, थेट त्याच्या नाकावर. त्याला हसू आले.

थोड्या वेळाने नातीची पथारी ओली लागली. मग पोह्यांचे गाठोडे खालून भिजले. पाहता पाहता अर्ध्या राहुटीत पाणी झाले.

"सांगितलं होतं ना, कापडाला बोट लावू नकोस म्हणून?" शास्त्रीबुवा नातवाला म्हणाले. "भिजवलंस ना सगळं?"

नातवाचे हसू मावळले. त्याने ते बोट मुठीत लपवले आणि जिथे सगळ्यात जास्त पाणी होते त्या कोपऱ्यात जाऊन बसला. रडलासुद्धा नाही.

शास्त्रीबुवांनी खाली पाहिले. पाणी वरून येत नव्हते. चढाच्या बाजूने, कापडाखालून आत शिरत होते. सुनेलाही ते दिसले होते. पण सासऱ्यांना सांगायचे कसे, म्हणून ती मुकाट्याने गाठोडी उचलून कोरड्या बाजूला ठेवत होती. खरे काय ते दोघांनाच ठाऊक होते, आणि ती बोलणार नव्हती.

शास्त्रीबुवांची बुद्धी लगेच मदतीला धावली. थोडे वरूनही आले असेल. नातवाला वळण लागले तर वाईट काय? आणि आजोबाच चुकतात असे कळल्यावर मुले विद्येला मान कसा देतील? उभा जन्म वाद जिंकण्यात गेलेला. हाही वाद ते जिंकतच आले होते. पण मग त्यांना ती मिटलेली मूठ दिसली.

ते पाण्यातच नातवाशेजारी जाऊन बसले.

"बाळा, तुझ्या बोटानं एक थेंब आला," ते म्हणाले. "बाकीचं पाणी माझ्यामुळे आलं. तुझे बाबा चर खणत होते, मी खणू दिला नाही. आणि चूक माझी आहे हे कळल्यावरही मी गप्प बसलो."

नातवाने विचारले, "मग आता तुम्हाला कोण रागावणार?"

नात म्हणाली, "आई रागावेल. आई, रागाव ना."

सून तोंडाला पदर लावून हसली. मग तोच पदर कमरेला खोचून म्हणाली, "मामंजी, रागावणं राहू द्या. कुदळ घ्या. वरच्या बाजूनं खणू, म्हणजे पाणी वळेल."

शास्त्रीबुवांनी कुदळ उलटी धरली. नातवाने ती सुलटी करून दिली. नात हातांनी चिखल उपसत होती. चर वाकडातिकडा झाला, पण पाणी वळले.

अंगे पुसून सगळे कोरड्या बाजूला बसले. सुनेने पोहे कालवले. नातू आजोबांना चिकटून बसला आणि त्याने विचारले, की आजोबा, तुम्ही आणखी कधी चुकलात?

शास्त्रीबुवांनी आठवून पाहिले. एकदा राजसभेत ते घटकाभर तावातावाने बोलले, टाळ्या घेतल्या, आणि खाली बसल्यावर कळले की आपण समोरच्या पक्षाचीच बाजू मांडली. एकदा कीर्तनाहून एका पायात एकाचा आणि दुसऱ्या पायात दुसऱ्याचा जोडा घालून आले. मग ते दोघे मालक उरलेला एकेक जोडा घेऊन दारात उभे. स्वतःच्या लग्नात तर अंतरपाटामागून तेच मोठ्याने मंगलाष्टके म्हणू लागले होते. नात हसता हसता आडवी झाली. पावकी-निमकीची कुणाला आठवण राहिली नाही.

संध्याकाळी मुलगा बैल घेऊन आला. पाऊस पडतच होता. सामान भरायचे ना, असे त्याने विचारले. कुणी जागचे हलले नाही.

"बाबा, आत्ता नको," नातू म्हणाला. "आजोबांच्या चुका अजून संपल्या नाहीत."

"पुढच्या कार्तिकालाही पुरतील इतक्या आहेत," नात म्हणाली.

मुलाने वडिलांकडे पाहिले, आणि बैल आवळीला बांधले.

तात्पर्य: आपली चूक लहानांच्या माथी मारू नये. ती कबूल केल्याने मोठ्यांचा मान कदाचित थोडा कमी होत असेल; पण मूल जवळ येऊन बसते.