इवलीचं खोबरं आणि कॉफीचं टेबल

टेबलांमधलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या सांगलीत कोणाला कळत नाही.

म्हणजे एकच टेबल कळतं. तेसुद्धा टेबल नव्हे, तिपाई. तिचा एक पाय मीच मोडला. मग सुतळीनं बांधला.

तर ऐका. हलू नका. नाक नंतर पुसा.

आमच्या घरात मी आहे. मी म्हणजे आप्पा. माझा मुलगा निनाद आहे. माझी सून ऋजुता आहे. आणि एक बोका आहे. बोका काही काम करत नाही. मीही करत नाही. पण त्याला कोणी बोलत नाही.

एक दिवस ऋजुता म्हणाली, "आपल्याला कॉफी टेबल हवं."

आमच्या घरात कॉफी कोणी पीत नाही. मी चहा पितो. निनाद चहा पितो. ऋजुता गरम पाणी पिते. म्हणून कॉफी टेबल. कळलं? मलाही नाही कळलं.

चार रविवार दोघं दुकानं फिरली.

गोल टेबल पाहिलं. "शी, फारच गोल आहे."

चौकोनी पाहिलं. "कोपरे लागतील."

काचेचं पाहिलं. "बोटं उमटतील."

मग एक लांबट टेबल पाहिलं. पाय काडीसारखे. वर पांढरा दगड. दगड नव्हता, दगडासारखं दिसायचं. "हेच!" दोघं म्हणाली.

घरातली जागा ऋजुतानं मोजली. हातानं. पाच वीत.

दुकानातलं टेबल निनादनं मोजलं. हातानं. पाच वीत.

"बरोब्बर!"

ऋजुताची वीत बशीएवढी. निनादची वीत परातीएवढी. दोघं शिकलेली आहेत, हं. मी नाही.

टेबल आलं. दारातच अडकलं.

नवी वस्तू आली की आमच्याकडे नारळ फोडतात. गाडी आली, नारळ. मिक्सर आला, नारळ. टेबलाला हळदकुंकू वाहिलं. निनादनं उंबऱ्यावर नारळ आपटला. खाड्!

खोबऱ्याचा एक कण उडाला. टुणुक टुणुक टुणुक. घरात आला.

तिथं होती एक मुंगी. तिचं नाव इवली. त्या दिवशी इवलीच्या धाकट्या भावाचं बारसं होतं. बारशाला खोबरं हवंच. इवलीनं कण उचलला. निघाली घरी. तुरुतुरु तुरुतुरु.

खोलीच्या मध्यावर दमली. खोबरं खाली ठेवलं. जरा दम घेतला.

तेवढ्यात टेबल सुटलं दारातून. आडवं केलं. उभं केलं. पुन्हा आडवं केलं. आत आलं. सगळी खोली भरली. माझी तिपाई गेली बाल्कनीत.

"इथं ठेव," ऋजुता म्हणाली.

थप्प!

टेबलाचा पाय बसला खोबऱ्यावर.

मग ऋजुतानं टेबल सजवलं. टेबलावर तीन जाड पुस्तकं ठेवली. पुस्तकांवर फुलदाणी ठेवली. फुलदाणीत फुलं नाही ठेवली. वाळलेलं गवत ठेवलं. टेबलाशेजारी करडा गालिचा घातला. गालिच्यावर करडा बोका येऊन बसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"आप्पा, टेबलावर कप ठेवायचा नाही हं. डाग पडतो."

"मग काय ठेवायचं?"

"काही नाही. नुसतं बघायचं."

मी बघितलं. बघून झालं. चहा यायचाच होता.

ऋजुता फोटो काढायला खुर्चीवर चढली. "निनाद, पुस्तकं जरा डावीकडे."

"घे. डावीकडे."

"नको. उजवीकडे."

"आधी उजवीकडेच होती ना?"

"म्हणूनच."

इकडे इवली रडत होती. मुंगी किती रडणार? एवढंसं. पण रडत होती.

मग उठली. गेली टेबलाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"टेबला, टेबला, जरा सरक."

"का गं सरकू?"

"माझं खोबरं सुटेना, बारसं कसं होईल?"

टेबल म्हणालं, "मी नवीन फॅशनचं आहे. माझे पाय बघायचे असतात. हलवायचे नसतात. जा, नाही सरकत."

इवली गेली पुस्तकांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"पुस्तकांनो, पुस्तकांनो, खाली उतरा."

"का गं उतरू?"

"टेबल सरकेना,
माझं खोबरं सुटेना,
बारसं कसं होईल?"

पुस्तकं म्हणाली, "आम्ही रंगांप्रमाणे लागलोय. खाली निळं, मध्ये पांढरं, वर पिवळं. वाचायचं असतं तर उतरलो असतो. आम्हाला वाचतंय कोण? जा, नाही उतरत."

खरंच आहे. आत काय आहे ते कोणी बघितलंच नव्हतं. ज्यांनी आणली त्यांनीसुद्धा नाही.

इवली गेली फुलदाणीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"फुलदाणी, फुलदाणी, जरा हल."

"का गं हलू?"

"पुस्तकं उतरेनात,
टेबल सरकेना,
माझं खोबरं सुटेना,
बारसं कसं होईल?"

फुलदाणी म्हणाली, "माझ्यात गवत आहे. साधंसुधं नाही. दुकानातलं आहे. वाकडं झालं तर? जा, नाही हलत."

दुकानातलं गवत! आमच्या गावाकडच्या म्हशीनं बघितलं असतं, तर फुलदाणीसकट खाल्लं असतं.

इवली गेली बोक्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"बोक्या, बोक्या, जरा ऊठ."

"का गं उठू?"

"फुलदाणी हलेना,
पुस्तकं उतरेनात,
टेबल सरकेना,
माझं खोबरं सुटेना,
बारसं कसं होईल?"

बोका म्हणाला, "गालिचा करडा. मी करडा. फोटोत मी शोभतो. मी उठलो तर घराची शोभा जाईल. जा, नाही उठत."

आणि बोक्यानं डोळे मिटले. शोभत राहिला.

इवली गेली स्वयंपाकघरात. तुरुतुरु तुरुतुरु. माझ्या चहाचं दूध शेगडीवर होतं. बारीक आचेवर. घरात दूध तेवढंच.

"दुधा, दुधा, उतू जा."

"का गं जाऊ?"

"बोका उठेना,
फुलदाणी हलेना,
पुस्तकं उतरेनात,
टेबल सरकेना,
माझं खोबरं सुटेना,
बारसं कसं होईल?"

दूध म्हणालं, "मी मुद्दाम उतू जातं ते नव्या घरात. सगळे भोवती उभे राहतात. हात जोडतात. हे घर कुठं नवीन आहे? पंखा बघ कसा कुरकुरतो. जा, नाही उतू जात."

इवली गेली शेगडीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"शेगडी, शेगडी, जरा भडक."

"का गं भडकू?"

"दूध उतू जाईना,
बोका उठेना,
फुलदाणी हलेना,
पुस्तकं उतरेनात,
टेबल सरकेना,
माझं खोबरं सुटेना,
बारसं कसं होईल?"

शेगडी म्हणाली, "माझं बटण बारीकवर आहे. ऋजुतानं ठेवलंय. ऋजुताला विचारल्याशिवाय या घरात कोणी मोठा होत नाही. जा, नाही भडकत."

हे शेगडी म्हणाली, हं. मी नाही म्हणालो.

आता कुठं जायचं? इवली बाहेर आली. सोफ्याच्या टोकाला एक म्हातारा बसला होता. दोन्ही गुडघे कानाशी. कारण पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलानं खाल्ली होती.

तो म्हातारा म्हणजे मी. हसू नका.

इवली माझ्या अंगठ्यावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. गुदगुल्या झाल्या.

"आजोबा, आजोबा, शेगडीचं बटण फिरवा."

"का गं फिरवू?"

"शेगडी भडकेना,
दूध उतू जाईना,
बोका उठेना,
फुलदाणी हलेना,
पुस्तकं उतरेनात,
टेबल सरकेना,
माझं खोबरं सुटेना,
बारसं कसं होईल?"

सगळे "नाही" म्हणाले होते. मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "एवढंच? आधी नाही का यायचं!"

"तुम्ही खरंच फिरवाल, आजोबा?"

"फिरवीन! तुझं खोबरं गेलं. माझी तिपाई गेली. दोघांचं एकाच टेबलानं नेलं. चल!"

इवलीला हातावर घेतलं. गेलो स्वयंपाकघरात. हळूच. चोरासारखा. ऋजुता खुर्चीवर होती. तिचा एक डोळा फोटोत होता.

दूध म्हणालं, "आप्पा, घर नवीन नाही!"

मी म्हणालो, "घर जुनं, पण टेबल नवीन! टेबलाचा नारळ झाला. हळदकुंकू झालं. दूध तेवढं राहिलंय."

दूध विचारात पडलं. "मग हात जोडाल?"

मी हात जोडले. इवलीनं पण जोडले. तिला पाय सहा, ती कसेही जोडते.

मग मी बटण फिरवलं. कट्ट!

आणि काय गंमत!

शेगडी भडकली. भुर्रर्र!

दूध वर आलं. वर आलं. वर आलं. उतू गेलं. फस्स्स!

वास गेला बोक्याच्या नाकात. बोक्यानं डोळे उघडले. "दूध? माझ्याशिवाय?" शोभा गेली उडत. बोका उठला. झूप! सरळ टेबलावर.

त्याची शेपटी लागली फुलदाणीला. फुलदाणी हलली. डुग डुग डुग. पडली सोफ्यावर. पफ्! फुटली नाही. गवत मात्र टेबलभर.

बोक्याचं पोट लागलं पुस्तकांना. केवढं पोट! पुस्तकं उतरली. धप्प! धप्प! धप्प! पिवळं पुस्तक उघडलं. जन्मात पहिल्यांदा. आत सगळी कुत्र्यांची चित्रं होती. बोक्याला सांगू नका.

टेबल हलकं झालं. बोक्यानं स्वयंपाकघराकडे उडी मारली. मागच्या पायांनी दिला धक्का. टेबल सरकलं. सर्रर्र!

आणि खोबरं सुटलं!

इवली माझ्या हातावरून उतरली आणि धावली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. खोबरं पापडासारखं चपटं झालं होतं. पण खोबरं ते खोबरं. डोक्यावर घेतलं आणि नाचली.

"शेगडी भडकली,
दूध उतू गेलं,
बोका उठला,
फुलदाणी हलली,
पुस्तकं उतरली,
टेबल सरकलं,
माझं खोबरं सुटलं,
आता बारसं होईल!"

गेली भिंतीच्या फटीत. बारसं झालं. प्रत्येकाला खोबरं मिळालं. बाळाचं नाव ठेवलं चपटू. मला बोलावलं होतं. पण फटीत माझं नाकसुद्धा जाईना.

शेगडी मी बंद केली, हं. तेवढी अक्कल आहे मला. बोका ओट्याखाली वाट बघत बसला. खाली गळलेलं दूध निवलं. मग लप लप लप.

ऋजुता खुर्चीवरून उतरली. तिनं फोटो बघितला. फोटोत टेबल नव्हतं. नुसती शेपटी होती.

"निनाद, हे काय झालं?"

"मला काय विचारतेस? मी उजवीकडे होतो."

मी सोफ्यावर बसलो. पाय लांब केले. आता जागा होती! गवत सोडलं, तर टेबल मोकळं होतं. छान होतं. मी त्यावर दोन थापा मारल्या.

"ऋजुता, टेबल चांगलं निवडलंस हो! कसं कपाच्याच उंचीचं आहे. आण बघू माझा चहा. इथंच ठेव."

ऋजुता स्वयंपाकघरात गेली. तिनं पातेलं बघितलं. ओटा बघितला. बोक्याच्या मिशा बघितल्या. मग बटण बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

रिकामा कप आणला. टेबलावर ठेवला. अगदी माझ्यासमोर. टक्.

"घ्या आप्पा, कप ठेवला. दूध तर बोका पितोय. आता यात काय घालू, हे वाळलेलं गवत?"