भिवरेचा सातधानी रोट

एका राज्यात राजवाड्याच्या कळसापेक्षा घरोघरच्या भट्ट्यांचा मान मोठा होता. तिथल्या सातधानी रोटाची कीर्ती सात समुद्रांपलीकडे गेली होती. त्याचं गुपित म्हणजे आंबलेल्या पिठाचा गोळा. आजच्या पिठातला एक गोळा राखायचा, उद्याच्या पिठात मिसळायचा, की पीठ टम्म फुगे. शेजारीण मागायला आली, तर अर्धा तिला द्यायचा. नाही म्हणायची रीतच नव्हती.

राजा मणिकेताला हे पटेना. असलं रत्न लोक वाटत काय सुटतात! त्याने घराघरांतले गोळे आणवले, सोन्याच्या पेटीत कोंडले आणि वर सात कुलपं ठोकली. राजाच्या डोक्यात खूळ शिरलं की ते ब्रह्मदेवालाही निघत नाही.

एके दिवशी धूम्राक्ष जादूगार दारी आला आणि त्याने एक गोळा मागितला. राजाने त्याला हाकलून दिलं.

"कोंडलेल्या पिठाचा रोट दगड होईल," धूम्राक्ष म्हणाला, "आणि तो खाणाराही."

त्या दिवशीच्या रोटाचा पहिला घास राजकन्या रत्नावलीने खाल्ला. तिची पावलं दगडाची झाली. दगड रोज वीतभर वर चढू लागला.

मुदपाकखान्यात रोट भाजणारी भिवरा होती. राजकन्या तान्ही असताना तिला उष्टावणाचा घास हिनेच भरवला होता. तिचं काळीज तुटलं, पण हात थांबले नाहीत. आढ्यावरची साळुंकी तिला म्हणाली, "तीन कामं कर. सात घरांतून सात धान्यं मागून आण. मुंग्यांच्या राणीकडून पाच बिया आण. पीठ सहा दिवस उघड्यावर आंबव. सातव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत फुगलेल्या रोटाचा घास मिळाला, तर पोर वाचेल."

"एवढंच ना?" भिवरा म्हणाली आणि तिने पदर खोचला.

सातही घरांनी आधी दारं लावून घेतली. राजवाड्याने त्यांचे गोळे नेले होते, राग येणारच. "गोळे नेले ती चूक झाली," भिवरा प्रत्येक उंबऱ्यावर म्हणाली. मग गहू मिळाला, जव मिळाले, नाचणी, ज्वारी, बाजरी, मका आणि राळेही मिळाले. मुंग्यांच्या राणीने मूठभर गुळावर जवस, तीळ, कारळे, खसखस आणि भोपळ्याच्या बिया दिल्या. भिवरेने पीठ कालवून मडक्यात ठेवलं, वर नुसतं फडकं टाकलं. रोज थोडं पीठ, थोडं पाणी. सहाव्या दिवशी मडक्यात बुडबुडे आले.

सातव्या दिवशी दगड राजकन्येच्या छातीशी आला होता. भिवरेने आंबलेल्या पिठाचा गोळा उचलला, तोच दारात धूम्राक्ष उभा राहिला.

"गोळा दे."

भट्टीपाशी ताटकळत उभ्या राजाने तलवार उपसली. "देऊ नकोस, भिवरा! माझी पोर मरेल!"

"मागणाऱ्याला नाकारलेला गोळा फुगत नाही, महाराज. हे मला आईनं शिकवलंय." तिने गोळ्याचे दोन भाग केले आणि अर्धा जादूगाराच्या ओंजळीत ठेवला.

उरलेल्या अर्ध्यात तिने पीठ आणि बिया मळल्या आणि रीतीप्रमाणे त्यातला एक गोळा राखला. रोट लहान झाला, पण फुगला. भट्टीतून काढून तिने त्याच्या तळावर टिचकी मारली. पोकळ आवाज आला, म्हणजे रोट आतपर्यंत भाजला होता. राजाला सगळ्यांदेखत रडू फुटलं.

सूर्य मावळतीला टेकला होता. भिवरेने घास भरवला. आधी राजकन्येचा श्वास मोकळा झाला, मग गुडघे वाकले, मग पायाची करंगळी हलली.

"अजून," राजकन्या म्हणाली.

धूम्राक्ष निघून गेला. त्याच्या ओंजळीतला गोळा तेवढ्यात दुप्पट झाला होता.

भिवरेने राखलेला गोळा पीठ घालून वाढवला, आणि ते पीठ घेऊन राजा स्वतः दारोदार गेला आणि हात जोडून प्रत्येकीला गोळा देऊन आला. सोन्याच्या पेटीत आता भिवरा सरपण ठेवते. त्यांच्या भट्ट्या पेटल्या तशा तुमच्याही पेटोत, आणि शेजारीण आली तर अर्धा गोळा तिला मिळो.