मानाचं पाणी

फार जुन्या काळची गोष्ट. चैत्र सरत आला होता. त्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला, आभाळ धुरकट, पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. अशा उकाड्यात एका गावातल्या रंगाऱ्याच्या रांजणात पाणी येता येता थांबलं.

त्या गावात वरच्या अंगाला विहीर होती. बैलांच्या मोटेनं पाणी दगडी टाक्यात पडायचं आणि खापरी नळांनी घरोघर जायचं. बैलांच्या वैरणीसाठी आणि गटार उपसणाऱ्यासाठी दर घर महिन्याला सूपभर ज्वारी देई. फक्त रंगाऱ्याचं घर काही देत नसे. त्याच्या आजानं स्वतः दगड वाहून ते टाकं बांधलं होतं, म्हणून पंचांनी त्या घराला पाणी माफ केलेलं. गाव त्याला मानाचं पाणी म्हणे. पाहुणा आला की रंगारी आधी हे सांगे, मग गूळपाणी देई.

रंगारी विहिरीवर गेला. बघतो तर मोटेचा एक बैल बसलेला, बरगड्या वर आलेल्या.

"उठव की त्याला," रंगारी म्हणाला.

"काय घालून उठवू?" मोटकरी म्हणाला. "उपसा वाढला, वैरण आहे तेवढीच."

संध्याकाळी पंच पारावर बसले, भोवती गाव जमलं. ठरलं, आता दर घर दोन सुपं ज्वारी.

रंगाऱ्याच्या भिंतीखाली सुपं विणणारी एक म्हातारी राहायची. ती म्हणाली, "सुपं म्हणाल तेवढी विणून देते, बाबांनो. आत घालायला ज्वारी तुम्ही द्या."

सगळे हसले. रंगारीही हसला.

"तू हसतोस होय रे? मला दोन घागरी लागतात. तुझे रांजण दिवसभर भरतात. तुझं रंगाचं पाणी माझ्या दारातनं वाहतं, काल लाल, आज निळं. ते गटार उपसायची ज्वारी माझी, आणि मान तुझा."

"म्हातारे, घराण्याचा मान आहे तो," पंच म्हणाले. "आम्हाला मोडता येत नाही."

रंगारी खाली मान घालून बसला. हा मान गेला तर आपल्या घरात सांगण्यासारखं उरतं काय? मग त्याला बसलेला बैल आठवला. तो सावकाश उठला.

"मीच मोडतो. ज्याच्या जेवढ्या घागरी, त्याची तेवढी ज्वारी. माझे रांजण मोजा, रंगाचं पाणी सोडतो त्याचं वेगळं घ्या. आणि माफी ठेवायचीच, तर ज्याच्या चुलीला पुरत नाही त्याला ठेवा."

दुसऱ्या दिवशी तो भर गावातून, ताठ मानेनं, डोक्यावर ज्वारी घेऊन विहिरीवर गेला. त्याचं पाहून बाकीचे मोठे वापरणारेही आले. बैल सावरले. महिन्याभरात खालच्या आळीच्या शेवटच्या नळालाही धार आली.

तात्पर्य एवढंच, की पाणी वापरेल त्यानं त्याचा भार उचलावा आणि सवलत गरजेच्या दारी जावी. म्हातारीनं ते आपल्या शब्दांत सांगितलं. एक नवं, भलंमोठं सूप रंगाऱ्याच्या हाती देत ती म्हणाली, "हे तुझ्या मापाचं विणलंय. टाकं तुझ्या आजानं बांधलं, बाबा. पण ते भरतं ठेवलंस तू."