अर्धा दाबलेला क्लच

तालुक्याच्या एका गावी एक मिस्त्री राहत असत. सोपानमिस्त्री त्यांचे नाव. मोटारसायकल उघडण्याआधी ते तिच्यावर बसणारा माणूस बघतात, असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या हाताखाली अकरा वर्षे काढलेला भैरू नावाचा शिष्य होता, आणि या भैरूचे चित्त त्या दिवसांत कशातच लागत नव्हते. बसस्थानकाजवळ स्वतःचा गाळा घेऊन त्याला आठ महिने झाले होते. दुकानाची पाटीही रंगवून झाली होती. पण सकाळी दोन तास तिकडचे शटर उघडायचे, मग धावत गुरूकडे यायचे आणि इकडे आल्यावर जीव पुन्हा तिकडे ओढायचा, असा त्याचा क्रम. दोन्हीकडची गिऱ्हाइके करवादलेली. ‘आपला हात अजून बसलाच नसेल तर?’ ही एकच शंका त्याला आतून पोखरत होती.

नेमक्या त्याच वेळी नेमाण्णा कासारांची मोटारसायकल मिस्त्रींकडे परत आली. नेमाण्णा बाजाराच्या गावी जाऊन बांगड्या भरत. गाडी वीस वर्षांची. तिच्या क्लचप्लेटा भैरूने चार महिन्यांत दोनदा बदलल्या होत्या आणि दोन्ही वेळा जळाल्या होत्या.

“भैरू, इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागची हलंना,” नेमाण्णा म्हणाले. “परवापासनं लग्नसराईची फेरी हाय. ह्या बारीला प्लेटा गेल्या, तर तुझ्या नव्या दुकानाची पायरी चढायचो न्हाय. आणि चार गावांत कुणी विचारलं, तर खरं तेच सांगणार.”

कासार ज्या ओसरीवर बसतो तिथे सारी आळी गोळा होते. त्याने एक शब्द टाकला की तो संध्याकाळपर्यंत प्रत्येक चुलीपाशी पोचतो.

भैरूने प्लेटांचे तीन प्रकारचे संच फडक्यावर मांडले. एक कंपनीचा, एक बाजारातला स्वस्त, आणि एक मुद्दाम कोल्हापुराहून आणवलेला, शर्यतीच्या गाड्यांत घालतात तसला. प्रत्येक प्लेटेची जाडी मोजली. स्प्रिंगा मोजल्या. पुन्हा मोजल्या. शेवटी विचारले, “मिस्त्री, कुठला घालू?”

मिस्त्रींनी प्लेटांकडे पाहिलेदेखील नाही. “नेमाण्णा, गाडीवरची बांगड्यांची पेटी जरा खाली घ्या,” ते म्हणाले.

पेटी आली. मिस्त्रींनी हात स्वच्छ धुतले, कोऱ्या फडक्याच्या पट्ट्या फाडल्या आणि एकेक डझन बांगड्या गुंडाळून पेटीत रचायला बसले. मोकळ्या जागांत कापूस दाबला. झाकण लावून पेटी हलवली, कान लावला, पुन्हा उघडली. तासभर हेच. भैरू दारापर्यंत जाई, परत येई, पाना उचली, खाली ठेवी. अखेर त्याचा बांध फुटला.

“मिस्त्री, आपल्याला प्लेटा निवडायच्यात का बांगड्या?”

मिस्त्रींनी शांतपणे नेमाण्णांना विचारले, “तुम्ही आत आलात तेव्हा रस्ता सरळ होता. तरी तुमची दोन बोटं क्लचवर दाबलेली होती. का?”

नेमाण्णा ओशाळले. “ही मोठी पेटी घेतल्यापासनं तसंच चालवतो. खड्डा कवा येईल सांगता येत न्हाय, आणि मागं काच हाय. झटका बसू नये म्हणून निम्मा दाबूनच ठेवतो.”

“ऐक, भैरू,” मिस्त्री म्हणाले. “क्लच पुरता दाबला, तर प्लेटा सुट्या होतात. त्यांना काही होत नाही. पुरता सोडला, तर एकमेकींना धरून सगळं ओझं ओढतात. तेव्हाही काही होत नाही. निम्म्यावर ठेवला, की ना धरलेल्या, ना सुटलेल्या. मग त्या घासतात आणि जळतात. अशा हाताखाली सोन्याच्या घातल्यास तरी जळतील. नेमाण्णांची भीती काही खोटी नाही, काच फुटतेच. पण भीतीची सोय पेटीत करायची असते, मुठीत नाही.”

मग त्यांनी कंपनीचा साधा संच उचलून तेलात बुडवला. प्लेटा तेलात मुरल्यावर भैरूने त्या बसवल्या. नेमाण्णा पेटी मागे बांधून, बोटे मोकळी ठेवून गावाबाहेरच्या खडबडीत रस्त्याने जाऊन आले आणि त्यांनी पेटी उघडली. एकही बांगडी तडकली नव्हती. क्लचही घसरला नव्हता.

“म्हणजे मिस्त्री, माझा हात चुकला नव्हता,” भैरू म्हणाला.

“हात कधीच चुकला नव्हता.”

आठ महिन्यांची दोन दुकानांमधली धावपळ भैरूच्या डोळ्यांपुढून गेली, आणि आपण का जळतो आहोत हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नाही.

मिस्त्रींनी भिंतीकडे बोट केले. तिथे एका खिळ्यावर भैरूचा कामाचा शर्ट अकरा वर्षे टांगला जाई. “तो खिळा मी मोकळाच ठेवीन,” ते म्हणाले. “दुकान नाही चाललं, तर येऊन परत अडकव.”

भैरूने शर्ट काढून घेतला, गुरूच्या पाया पडला आणि निघाला. दुसऱ्या दिवशी बसस्थानकाजवळचे शटर सकाळी उघडले ते दिवेलागणीपर्यंत उघडेच होते.

खिळा अजून तिथेच आहे. मिस्त्रींनी त्यावर दुसरे काही कधी टांगू दिले नाही.