चीवराचं दुसरं टोक

"सोडू की नको, एवढंच सांगा, भंते."

अश्वजित मेश्राम पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. खांद्यावरची बॅग त्यानं अजून उतरवली नव्हती. पहिली एसटी धरून तो आला होता आणि फाट्यापासून विहारापर्यंतची वाट जवळजवळ पळतच.

भंते सुगतरत्न दगडावर चीवर धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय सोडायचं?"

"नोकरी."

"बॅग सोड आधी."

अश्वजितनं बॅग आंब्याच्या खुंटलेल्या फांदीला अडकवली. बसला मात्र नाही. टाकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊन आला.

भंते भिक्खू होण्याआधी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे. अश्वजित त्यांच्या शेवटच्या तुकडीतला. वर्गात बाकं पुष्कळ आणि मुलं मोजकी, त्यामुळे सरांशी वाद घालायला त्याला मोकळं रान होतं. विद्यापीठात तो पहिला आला. सुवर्णपदक घेतलं. लग्नकार्यात नातेवाईक गाठून विचारायचे, "तत्त्वज्ञान घेऊन पुढं काय?" तो सांगायचा, "पुढं काय, हेच तर शिकतो आम्ही." हे उत्तर त्याला फार आवडायचं.

मग खरोखरच पुढं काय, हे विचारायची वेळ आली.

बरोबरच्या मृणालनं कायद्याला प्रवेश घेतला. एकजण पुण्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेला बसून राहिला. भूषण कंपन्यांमधल्या साहेबलोकांना मनःशांतीवर व्याख्यानं देत विमानानं हिंडू लागला. अश्वजित प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाला, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागला, आणि पुढच्या जूनमध्ये कॉलेजनं तो विषयच बंद केला. प्रवेश घ्यायला कुणी आलं नाही म्हणून.

त्यानंतर ही हॉस्पिटलची नोकरी. ज्यांच्यावर आता औषधाचा उपाय उरलेला नाही, फक्त दुखणं कमी करायचं, अशा लोकांचा तो वॉर्ड. त्यांच्याशी बोलायला डॉक्टरांना माणूस हवा होता. अश्वजितचा एम. ए.चा लघुप्रबंध मृत्यू याच विषयावर होता. त्याला वाटलं, आपण जे शिकलो त्याची जागा अखेर सापडली.

"आणि आता?" भंते म्हणाले.

"आता काही नाही. तिथं माझा उपयोग नाही, सर..." तो थांबला. "भंते."

"सर चालेल."

"नाही, भंते."

भंत्यांनी चीवर टाकीत बुडवून काढलं. ओलं होऊन ते जड झालं होतं. त्यांनी एक टोक अश्वजितपुढं धरलं.

"धर. पिळून घेऊ."

अश्वजितनं टोक धरलं. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि कापडाला पीळ पडू लागला. पाणी मधोमध गळायला लागलं.

"पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलंय," अश्वजित म्हणाला. "लोक मोबाइलवर धर्माचे, अध्यात्माचे प्रश्न विचारतात. कर्म म्हणजे काय, आत्मा आहे की नाही, असे. त्यांची उत्तरं लिहून ठेवायची. दर्शनं शिकलेला माणूस त्यांना हवाय."

"उत्तरं आहेत तुझ्याकडे?"

"लिहिता येतील."

"हं..."

"आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय त्यांना. बघा ना भंते, तिथं निदान प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं. इथं वॉर्डात काय होतं माहितीये? मी उपनिषदांतला नचिकेता सांगायला लागतो, आणि माणूस म्हणतो पंखा जरा कमी करा. मी अनित्यता समजावतो, खाली काही नाही, आधार नाही, सगळं असं..."

'असं' दाखवायला त्यानं दोन्ही हात उघडले.

चीवर मातीत पडलं.

भंत्यांच्या हातात त्यांचं टोक तसंच होतं. त्यांनी कापड गोळा केलं, पुन्हा दगडावर घेतलं, माती धुऊन काढली. साबण लावला. पाण्यातून काढलं.

अश्वजितला ओशाळल्यासारखं झालं. "मी धुतो, द्या."

"राहू दे."

नदीकडून म्हशी हाकल्याचा आवाज येत होता. अश्वजितनं मोबाइल काढून वेळ पाहिली, परत ठेवला, परत काढला.

"धर," भंते म्हणाले.

त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि टोक धरलं. या वेळी घट्ट.

"काल काय झालं?"

"काल कशाला... हे रोजचंच आहे."

"रोजच्यासाठी कुणी पहिली एसटी धरत नाही."

कापडाला पीळ बसत होता.

"दौलतराव ठवकर म्हणून आहेत," तो म्हणाला. "सायकलचं दुकान होतं त्यांचं. बायको मागंच गेली. मुलगा सुरतेला. येतो येतो म्हणतो फोनवर... आला नाही अजून. खिडकीजवळची खाट आहे त्यांची. फार बोलत नाहीत. काल त्यांनीच विचारलं, तुम्ही काय शिकलात म्हणून. मी सांगितलं, तत्त्वज्ञान. ते म्हणाले, म्हणजे मेल्यावर काय होतं ते?"

"मग?"

"मला इतका आनंद झाला, भंते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नेमकं ते विचारलं होतं."

बोलता बोलता त्याचे हात उचलले जात होते. पण हातांत कापड होतं. ते तसेच खाली आले.

"मी खुर्ची ओढून बसलो. चार्वाक सांगितला. सांख्य सांगितलं. बुद्धांनी कोणत्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही आणि का दिलं नाही, तेही. ग्रीकांकडे गेलो. सूफींचंही थोडं. सोपं करून सांगत होतो, खरंच. एम. ए.ला इतकं चांगलं बोललो नसेन. शेजारच्या खाटेवरच्या बाईही ऐकत होत्या. नर्स औषध द्यायला आली तर मी तिला थांबा म्हणालो."

भंत्यांनी आपल्या बाजूनं आणखी एक पीळ दिला.

"ते ऐकत होते?"

"माझ्याकडे बघत होते. सगळा वेळ. डोळे मिटले नाहीत."

"मग?"

पाणी आता धार सोडून थेंब थेंब पडत होतं.

"माझं बोलून झालं. मी विचारलं, काका, यातलं काय पटलं तुम्हाला? ... त्यांनी माझा शर्ट धरला. इथं, बाहीला. आणि म्हणाले, उद्या याल का जी?"

"बस?"

"बस. एवढंच. एवढं सगळं ऐकून माणूस विचारतो काय, तर उद्या याल का. दूधवाल्याला विचारावं तसं. माझ्या एका शब्दानं त्यांना काही झालं नाही, भंते. रात्रभर तेच डोक्यात. सहा वर्षं शिकलो ती कशासाठी, मग? माझं सांगणं कमी पडतं की ऐकणाऱ्यात काही कमी आहे? की त्या शिकण्यातच काही नव्हतं... तुम्ही शिकवलंत, तुम्ही सांगा. सकाळी ड्यूटीवर जायला निघालो आणि पाय तिकडे वळेनात. स्टँडवर आलो आणि इकडची पहिली गाडी धरली. मला निकाल लावायचाय एकदाचा. सोडू की नको?"

भंते त्याच्याकडे पाहत होते. उन्हामुळे त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"तू काय म्हणालास?"

"कुणाला?"

"त्यांना. उद्या याल का विचारलं, तेव्हा."

"मी..." अश्वजित आठवू लागला. त्याला खरोखरच आठवावं लागलं. "बघू म्हणालो. बघू, असं काहीतरी. आणि बाही सोडवून घेतली."

भंत्यांनी पीळ तसाच ताणून धरला.

अश्वजितचा आवाज चढला. "त्यात काय चुकलं? रजा असते, मीटिंग असते, कसा शब्द देणार कुणाला? आणि खरं सांगू, उद्या या गोष्टीला तसा अर्थच काय? उद्या म्हणून काही नसतंच. तुम्हीच शिकवलंत. काळावरच्या त्या तासाला तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं, जो क्षण आला नाही तो..."

"अश्वजित."

तो थांबला.

"त्यांची तब्येत कशी आहे?"

"डॉक्टर म्हणाले, आज-उद्याचं आहे."

हे वाक्य त्यानं वॉर्डात शंभरदा ऐकलं होतं. सवयीनं बोलून गेला. बोलून झाल्यावर मात्र तोंड तसंच अर्धं उघडं राहिलं. त्याला खिडकीजवळची ती खाट दिसली. आता या वेळी तिथं ऊन येतं आणि पडदा ओढावा लागतो. दौलतरावांचा हात पडद्यापर्यंत पोचत नाही. रोज अश्वजितच तो ओढायचा. आल्या आल्या, बोलणं सुरू करण्याआधी. त्याचा त्यानं कधी विचारही केला नव्हता.

त्याच्या हातातलं टोक सैल झालं. पण त्यानं ते पडू दिलं नाही.

रस्त्याच्या बाजूनं एसटीचा भोंगा ऐकू आला. परतीची गाडी पुढच्या गावाहून वळून येत होती. फाट्यावर ती फार थांबत नाही.

"पण माझा प्रश्न..." अश्वजित हळू म्हणाला.

भंते दोन पावलं पुढं आले. पिळलेलं चीवर त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या खांद्यावर टाकलं. आंब्याच्या फांदीवरची बॅग काढली. तिचा पट्टा त्याच्या खांद्यावर चढवला, लहान मुलाला दप्तर द्यावं तसा.

"बाबा रे," ते म्हणाले, "त्या माणसाचा 'उद्या' इथं माझ्यासमोर उभा राहून काय करतोय?"