बावीस पुडकी आणि एक शब्द

एका जंगलात एक साळिंदर राहत असे, आणि त्या जंगलातल्या पाण्याची सगळी शिस्त त्याच्या काट्यांवर उभी होती. उन्हाळ्यात तिथे तीनच पाणवठे उरत. कोणी कुठल्या पाणवठ्यावर कोणत्या प्रहरी यायचे याच्या पाळ्या ठरलेल्या असत, त्यामुळे बिबट्या आणि हरिणी सहसा एकमेकांच्या समोर येत नसत. या पाळ्या साळिंदर स्वतःच्याच अंगावरचा काटा उपसून पळसाच्या पानांवर लिही. वडाच्या ढोलीत पानांच्या तीन थप्प्या होत्या. एकीत प्राण्यांची नावे व त्यांचे क्रमांक, दुसरीत पाणवठ्यांचे, आणि तिसरीत कोणाची पाळी कुठे व केव्हा ते. तिसरीत नावे नसत, नुसते आकडे असत. ‘सात, दोन, एक’ म्हणजे सातव्या क्रमांकाचा प्राणी, दुसरा पाणवठा, पहिला प्रहर.

ढोलीचे काही बरेवाईट झाले तर, म्हणून दर अमावास्येला साळिंदर या नोंदींची नक्कल करी. नक्कल फक्त तिसऱ्या थप्पीची. प्राणी आणि पाणवठे काय रोज बदलतात थोडेच, असा त्याचा विचार होता, आणि लिहून लिहून अंगावरचे काटेही कमी होत. मग ते पुडके लाखेने बंद करी, वर ‘पडताळले’ असे लिही आणि दूरच्या खडकाच्या कपारीत नेऊन ठेवी. पडताळणे म्हणजे पुडके उघडून, त्यातल्या पानांवरून सगळ्या पाळ्या पुन्हा लावून पाहणे, हे त्याला चांगले ठाऊक होते. पण एकदा बसवलेली लाख पुन्हा कोण फोडणार? शब्द मात्र ते फार वळणदार अक्षरात काढी.

कावळ्याने एकदा भर सभेत विचारले, “साळिंदरराव, यातले एखादे पुडके कधी उघडून पाहिलेत का?”

साळिंदराचे सगळे काटे ताठ झाले. “वर काय लिहिले आहे ते वाचता येते ना तुम्हाला?”

सभा हसली. कावळ्याला वाचता येत होते.

चैत्र संपता संपता वणवा आला आणि वड ढोलीसकट जळून गेला. सगळे प्राणी हवालदिल झाले. साळिंदर तेवढे झाले नाही. खरे सांगायचे तर त्याला थोडे बरेसुद्धा वाटले, कारण आपल्या दूरदृष्टीचे कौतुक होण्याची वेळ आली होती. त्याने सगळ्यांना कपारीपाशी बोलावले, सर्वांत नवे पुडके फोडले आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, “सात, दोन, एक. अकरा, तीन, दोन.”

“सातवा कोण?” हरिणीने विचारले. तिच्या मागे तिचे पाडस उभे होते.

साळिंदराने पाने उलटसुलट करून पाहिली; नाव कुठेच नव्हते. पहिला क्रमांक तेवढा त्याला आठवत होता, कारण तो त्याने स्वतःला दिला होता. त्याने दुसरे पुडके फोडले, मग तिसरे. बावीसच्या बावीस पुडकी फोडून झाली. सगळ्यांत आकडेच होते, आणि सगळ्यांवर तोच वळणदार शब्द होता.

दुसऱ्या दिवशी जो तो अंदाजाने पाण्यावर गेला. मधल्या पाणवठ्यावर हरिणी आणि बिबट्या एकाच वेळी पोहोचले. हरिणी सुटली, पण तिचा अर्धा कान तिथेच राहिला, आणि पाडस तहानलेलेच परतले. ती साळिंदराकडे आली. रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “पुडक्यावर ‘पडताळले’ असे लिहिले होते ना?”

साळिंदराचे काटे, जे एरवी कोणी नुसते खोकले तरी उभे राहत, अंगाला चिकटून बसले. “लिहिले होते,” ते म्हणाले. “पडताळले नव्हते.” हेच वाक्य त्याला संध्याकाळी सभेतही म्हणावे लागले, आणि मागच्या रांगेला ऐकू गेले नाही म्हणून पुन्हा एकदा.

सभेने प्रत्येकाला आपापली पाळी विचारून पाहिली. सगळ्यांना नेमका सकाळचा गार प्रहरच आठवत होता, अगदी घुबडालासुद्धा. तेव्हा तळ्यातले म्हातारे कासव म्हणाले, “स्वतःची पाळी कोणी सांगू नका. तुम्ही कुठल्या पाणवठ्यावर जाता, आणि पोहोचता तेव्हा काठावर कोणाची पावले ओली असतात, म्हणजे तुमच्या आधी कोण येऊन गेले, तेवढे सांगा.” असे एकामागून एक दुवे जुळत गेले आणि ते पुडक्यातल्या आकड्यांशी ताडून पाहिले गेले. कोल्ह्याचे उत्तर दोनदा बसेना. तिसऱ्यांदा त्याने खरे सांगितले. दोन दिवसांनी सगळ्या पाळ्या लागल्या. सातवी हरिणीच होती. त्या सकाळी पाडस पोटभर पाणी प्याले.

आता नोंदी दुसऱ्या झाडाच्या ढोलीत राहतात, आणि तिन्ही थप्प्यांची नक्कल होते. दर अमावास्येला कपारीतले कोणतेही एक पुडके हरिणी निवडते. ते सगळ्यांसमोर फोडून, ढोलीकडे न बघता, केवळ त्यावरून साऱ्या पाळ्या नव्याने लावतात. हरिणी पुडके पुढे करते तेव्हा साळिंदर तिच्या कानाकडे पाहत नाही. पाळ्या बरोबर लागल्या की ते पुडके पुन्हा बंद करून त्यावर ‘पडताळले’ असे लिहिले जाते. तो शब्द कावळा लिहितो. साळिंदर त्याला फक्त काटा उपसून देते.

तात्पर्य : मुलांनो, नोंदी ढोलीतल्या असोत की संगणकातल्या, त्यांची नक्कल ठेवली म्हणजे काम संपले असे नाही. त्या नकलेवरून सारे पुन्हा उभे करून पाहावे, आणि जे केले नाही ते केले असे कधी लिहू नये.