ब्रशचे नवे केस

फार वर्षांपूर्वी, घरात व्हॅक्यूम क्लीनर असणं हीच श्रीमंती होती तेव्हा, एका क्लीनरची कापडाने मढवलेली नळी आणि तिच्या टोकाचा ब्रश जोडीने राबायचे. ब्रश धूळ झाडायचा, नळी ती ओढून घ्यायची. ब्रश तिला ताई म्हणायचा. पुढे क्लीनर बंद पडला आणि दोघं माळ्यावर गेली.

एके दिवशी जुन्या वस्तूंचे शौकीन खांबेटे त्यांना दुरुस्तीला घेऊन बसले. नळीला चिरा पडल्या होत्या. "हिला ठिगळ लावावं की टाकून द्यावं?" ते पुटपुटले.

"टाकून द्या," ब्रश घाईने म्हणाला. "तिच्याबरोबर मीही भंगार दिसेन."

नळी बाजूला पडली.

खांबेट्यांनी ब्रशला नवे केस बसवले, त्याचं पितळ चमकवलं आणि त्याला दिवाणखान्यात मांडलं. पाहुणे वाहवा करत. पण त्या केसांत धूळ साचू लागली, आणि ती ओढून घेणारं कोणी नव्हतं.

मग खांबेट्यांनी एक फडकं आणलं. नळीवरून सोलून काढलेलं कापड होतं ते. ब्रशने वीण ओळखली.

"ताई, तू?"

"तोंड मिट," फडकं म्हणालं. "धूळ जाईल."